वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाचे साहाय्यपत्र आणि कर्जाचा खरा आकडा

प्रश्न : आम्ही अनेक वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो आणि दोघेही आता अमेरिकेचे नागरिक आहोत. मुलगी बारावीत असून येत्या ऑगस्टमध्ये ती महाविद्यालयात जाईल. तिला जीवशास्त्र शिकायचे आहे आणि पुढे डॉक्टर व्हावे असे तिच्या मनात आहे. तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. आमच्या राज्याच्या विद्यापीठाचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ३८,००० डॉलर असून त्यांनी ५,००० डॉलरची गुणवत्ता शिष्यवृत्ती देऊ केली आहे. बॉस्टनमधील एका नामवंत खासगी विद्यापीठाचा खर्च ९२,००० डॉलर आहे. त्यांच्या पत्रात ३८,००० अनुदान, ३,००० वर्क-स्टडी, ५,५०० मुलीच्या नावे सरकारी कर्ज आणि २०,००० पालकांच्या नावे सरकारी ‘पेरेंट प्लस’ कर्ज मिळून ‘एकूण साहाय्य ६६,५०० डॉलर’ असे लिहिले आहे. पेनसिल्व्हेनियातील एका लहान महाविद्यालयाचा खर्च ८०,००० डॉलर असून त्यांनी ४५,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली आहे, पण त्याचे नाव आमच्या ओळखीत कुणीच ऐकलेले नाही. मुलीच्या शिक्षणासाठीच्या ५२९ बचत खात्यात ६०,००० डॉलर आहेत आणि पगारातून आम्ही वर्षाला आणखी १५,००० डॉलर देऊ शकू. माझे पती ४९ वर्षांचे आहेत. २०२५ मध्ये त्यांची नोकरी गेली, पाच महिने ते घरी होते आणि आताच्या नोकरीत पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. धाकटा मुलगा आठवीत आहे. मुलीचा जीव बॉस्टनमध्ये अडकला आहे. पती म्हणतात की ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यातून पैसे काढू, पुण्याचा भाड्याने दिलेला फ्लॅट विकू, पण तिला नाही म्हणायला नको. १ मेपर्यंत कळवायचे आहे. आम्ही काय करावे?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आज तुमच्या हातात जी पत्रे आहेत त्यांच्या आधारावर बॉस्टनला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीची गुणवत्ता किंवा त्या विद्यापीठाचा दर्जा यांबद्दल मला कोणतीही शंका नाही. शंका आहे ती त्या पत्रातील मांडणीबद्दल, आणि तुमच्या पत्रात ओघात आलेल्या एका माहितीमुळे हे चित्र थोडेफार बदलू शकते, तिच्याकडे मी पुढे येतो.

आधी ‘एकूण साहाय्य ६६,५०० डॉलर’ हे शब्द बाजूला ठेवा. त्या रकमेत परत करावे न लागणारे पैसे फक्त ३८,००० डॉलर आहेत. ५,५०० आणि २०,००० ही दोन्ही कर्जे आहेत, एक मुलीच्या सहीचे आणि दुसरे तुमच्यापैकी एकाच्या सहीचे. वर्क-स्टडीचे ३,००० डॉलर म्हणजे मुलीने सत्र सुरू असताना काम करून मिळवायची मजुरी. ती तिला पगार म्हणून टप्प्याटप्प्याने मिळते आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्या शुल्काच्या बिलातून वजा होत नाही. कर्जाला साहाय्याच्या रांगेत बसवण्याची ही पद्धत इतकी रुळली आहे की, अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये अशी पत्रे तपासली तेव्हा सुमारे ९१ टक्के महाविद्यालये कुटुंबाला खरोखर पडणारा खर्च एक तर सांगतच नाहीत किंवा कमी करून सांगतात, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे तिन्ही पत्रांतून एकच आकडा काढावा : एकूण खर्चातून केवळ अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा केल्यावर काय उरते? तुमच्या बाबतीत राज्याच्या विद्यापीठात ३३,००० डॉलर, पेनसिल्व्हेनियात ३५,००० आणि बॉस्टनमध्ये ५४,००० उरतात.

हा मात्र केवळ पहिल्या वर्षाचा हिशेब झाला, आणि बहुतेक कुटुंबे इथेच थांबतात. खर्च दरवर्षी वाढतो, तर शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा चारही वर्षे तीच राहते, म्हणजे वाढीचा सगळा भार कुटुंबावर पडतो. वर्षाला ४ टक्के वाढ धरली, जी अवास्तव नाही, तर चार वर्षांत तुमच्यावर पडणारा खर्च राज्याच्या विद्यापीठात सुमारे १ लाख ४१ हजार, पेनसिल्व्हेनियात सुमारे १ लाख ६० हजार आणि बॉस्टनमध्ये सुमारे २ लाख ३९ हजार डॉलर होतो. ५२९ खाते आणि पगारातील बचत मिळून तुमच्याकडे १ लाख २० हजार आहेत. तेव्हा तूट अनुक्रमे २१ हजार, ४० हजार आणि १ लाख १९ हजार डॉलरची आहे.

पहिली तूट मुलीच्या स्वतःच्या सरकारी कर्जात बसते. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि नंतरची दोन वर्षे प्रत्येकी ७,५०० असे चार वर्षांत २७,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात त्याचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. पुढील वर्षाचा दर मे महिन्यातील सरकारी रोख्यांच्या लिलावानंतर ठरेल. २१ हजार डॉलरचे असे कर्ज दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना २४० डॉलरच्या आसपास येईल. पहिल्या नोकरीतल्या मुलीला तो पेलवतो.

बॉस्टनची तूट मात्र कुठेच बसत नाही, आणि यंदा तर ती अधिकच अडचणीची आहे. आतापर्यंत पालकांना पेरेंट प्लस कर्ज महाविद्यालयाच्या पूर्ण खर्चापर्यंत काढता येत असे. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी त्यावर एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. तुमच्या पत्रातील २०,००० हा आकडा तेथूनच आला आहे. चार वेळा वीस म्हणजे ऐंशी हजार. मर्यादा तर पासष्टची आहे. वर्षानुवर्षे हिशेब मांडून पाहिला तर पहिल्या वर्षी तुम्हाला १८,५०० डॉलर प्लस कर्ज लागेल, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण वीस-वीस हजार काढूनही थोडे कमी पडतील, आणि चौथ्या वर्षी सुमारे २८ हजार हवे असताना प्लसमधून केवळ ६,५०० डॉलर शिल्लक असतील. उरलेले २१ हजारांहून अधिक खासगी सावकारी संस्थेकडून, पालकाच्या सहीने आणि त्या वेळी मिळेल त्या दराने घ्यावे लागतील. पदवी एका वर्षावर आलेली असताना कर्ज नाकारले जाणे ही मुलीसाठी फार क्रूर गोष्ट ठरेल, म्हणून चौथ्या वर्षाचे पैसे कोठून येणार हे ठरल्याशिवाय पहिल्या वर्षाची अनामत भरू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

प्लस कर्जाचा २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के आहे आणि रक्कम हातात येण्यापूर्वीच त्यातून ४.२२८ टक्के शुल्क कापले जाते, म्हणजे वीस हजारांवर सही केली की महाविद्यालयात एकोणीस हजारांहून थोडेच अधिक पोहोचतात. नव्या नियमांनुसार या कर्जाला उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता ठरवण्याची सोय नाही. ५० हजार ते १ लाख डॉलरच्या कर्जाला २० वर्षांची ठरीव मुदत आहे. ६५,००० डॉलरचा वीस वर्षांचा हप्ता या दराने महिना ५८० डॉलरच्या पुढे जातो आणि एकूण परतफेड जवळपास १ लाख ४० हजार डॉलर होते. तुमच्या पतींचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे असेल. हे कर्ज कायद्याने पालकाचेच असते, ते पुढे मुलीच्या नावे करता येत नाही, आणि दिवाळखोरीतही शैक्षणिक कर्जातून सुटका अत्यंत कठीण असते. शिवाय धाकट्याची वेळ याच काळात येणार आहे.

मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, ही बाब माझ्या मते या निर्णयात सर्वांत वजनदार आहे. त्याच कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांसाठी बंद केले असून वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर ठेवली आहे. अनेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचा चार वर्षांचा खर्च याहून बराच अधिक आहे, म्हणजे खरी आर्थिक ओढाताण पदवीनंतर होणार आहे आणि त्या वेळी आई-वडिलांची पत शाबूत असणे हीच मुलीला झालेली सर्वांत मोठी मदत ठरेल. वैद्यकीय प्रवेशात पदवीचे गुण, एमकॅट परीक्षा, रुग्णालयातील आणि संशोधनातील अनुभव यांचे महत्त्व असते. तुमच्या राज्याच्या विद्यापीठातून दरवर्षी विद्यार्थी वैद्यकीय शाखेत जातात. पदवीचे शिक्षण कमी कर्जात उरकणे ही तिच्या स्वप्नाशी तडजोड नव्हे, त्या स्वप्नाची तरतूद आहे.

आता त्या ओघात आलेल्या माहितीविषयी. २०२६-२७ साठीचा फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक साहाय्यासाठीचा अर्ज, २०२४ चे उत्पन्न विचारतो. तुमच्या पतींची नोकरी २०२५ मध्ये गेली, म्हणून तिन्ही महाविद्यालयांनी तुमची कुवत आता अस्तित्वात नसलेल्या पगारावरून जोखली आहे. अशा वेळी आर्थिक साहाय्य कार्यालयाला बदललेल्या परिस्थितीचा विचार करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, परंतु तो अर्ज केल्याखेरीज वापरला जात नाही. याच आठवड्यात तिन्ही ठिकाणी मुलीच्या नावाने लेखी विनंती पाठवावी. सोबत नोकरी संपल्याचे पत्र, बेकारी भत्त्याचा तपशील, नव्या नोकरीच्या पगारचिठ्ठ्या आणि २०२५ चे विवरणपत्र जोडावे. भारतात सासू-सासऱ्यांच्या औषधपाण्यासाठी नियमित पैसे पाठवत असाल, तर त्याच्या बँकेतील नोंदीही जोडाव्यात; फॅफ्सात त्यांना जागा नाही, पण माणसाने वाचायच्या पत्रात त्यांना जागा आहे. आपल्या लोकांना असे पत्र लिहिणे याचनेसारखे वाटते आणि म्हणून ते टाळले जाते. तसे मुळीच वाटू देऊ नका, कारण तुम्ही केवळ जुना आकडा दुरुस्त करून मागत आहात. उत्तर यायला १ मे उलटणार असेल, तर मुदत वाढवून देण्याची विनंतीही लेखीच करावी.

अपेक्षा मात्र मोजून ठेवावी. मुलीच्या २७,००० डॉलर कर्जाखेरीज आणखी कर्ज न काढता बॉस्टन परवडायचे असेल, तर अनुदान वर्षाला सुमारे २३,००० डॉलरने वाढायला हवे. तेवढी वाढ क्वचितच होते. पाच-सात हजारांची वाढ झाली आणि घरात आनंद झाला, तरी वरील हिशेब बदलत नाही.

पेनसिल्व्हेनियातील महाविद्यालयाला केवळ नाव ऐकलेले नाही म्हणून बाद करू नये. लहान वर्ग, प्राध्यापकांशी थेट संबंध आणि त्यांनी मनापासून लिहिलेले शिफारसपत्र यांचा वैद्यकीय प्रवेशाला उपयोग होतो. पण ४५,००० डॉलरची शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती गुण राखावे लागतात, ते राखता न आल्यास एका सत्राची सवलत मिळते का, आणि आधी शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी किती जणांची ती चौथ्या वर्षापर्यंत टिकली, हे प्रश्न लेखी विचारावेत. जीवशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या दोन वर्षांत चांगल्या मुलांचेही गुण घसरतात. अट ४ पैकी ३.५ गुणांकाची असेल तर ती शिष्यवृत्ती मी खात्रीची धरणार नाही. शिवाय तेथे चौथ्या वर्षी तुमच्यावरील खर्च ४५ हजारांपर्यंत गेलेला असेल, हे लक्षात ठेवावे.

४०१-केला हात लावू नये. त्यातून कर्ज घेतले आणि पुन्हा नोकरी गेली, तर उरलेली रक्कम पुढच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. न भरल्यास ती उत्पन्न धरली जाऊन कर आणि ५९ वर्षे ६ महिने वयाच्या आतील व्यक्तीला बहुधा दंडही लागतो. गेल्या वर्षीचा अनुभव ताजा असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला असल्यामुळे तो फॅफ्सात गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो, परदेशात असला तरी. तो दाखवायचा राहिला असेल तर विनंतीपत्रापूर्वी दुरुस्ती करावी. विक्रीचा विचार करायचा झाला तर तो दोन्ही मुलांच्या शिक्षणाकडे पाहून, दोन्ही देशांतील करांची माहिती घेऊन शांतपणे करावा. १ मेच्या घाईत नव्हे.

आणि हे सर्व आकडे मुलीसमोर ठेवावेत. कर्जाच्या कागदावर ती सही करणार आहे, मग हिशेबाच्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत ठेवणे योग्य नाही. तिला वाईट वाटेल, कदाचित काही दिवस ती बोलणारही नाही, ते सोसावे. वैद्यकीय शिक्षणासाठी तिच्या मागे काय शिल्लक राहील हे तिला दोन्ही पर्यायांत दाखवा आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या.

प्रश्न : मी नाशिकचा, नुकताच निवृत्त झालो आहे. मुलगा संगणक अभियंता असून पुण्यात त्याला वर्षाला ७ लाख रुपये पगार आहे. अमेरिकेत एमएससाठी त्याला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एका खासगी विद्यापीठाने १५,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली असून ती वजा जाता दोन वर्षांचा खर्च सुमारे ७० लाख रुपये आहे. टेक्सासमधील सरकारी विद्यापीठाचा खर्च ४८ लाख आहे आणि त्यांच्या विभागाने केवळ १,००० डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली आहे. मोठी शिष्यवृत्ती सोडू नये असे नातेवाईक म्हणतात. कर्ज राहते घर तारण ठेवून घ्यावे की तारणाविना?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : शिष्यवृत्तीचा आकडा पाहू नका, ती वजा जाता काय भरायचे ते पाहा. त्या कसोटीवर टेक्सास २२ लाखांनी स्वस्त आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, टेक्सासच्या कायद्यानुसार तेथील सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून दिलेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातील रहिवाशांच्या दराने शुल्क आकारता येते. अशा सवलतींच्या संख्येला मर्यादा असते आणि प्रत्येक शिष्यवृत्ती तिला पात्र नसते, म्हणून मुलाने विभागाला आजच विचारावे की, या शिष्यवृत्तीमुळे रहिवासी शुल्क लागू होईल का, आणि ते दोन्ही वर्षे की एकच वर्ष. उत्तर होकारार्थी आले, तर ज्या रकमेला नातेवाईक ‘केवळ’ म्हणत आहेत तिच्यामुळे खर्च आणखी काही लाखांनी उतरेल.

कर्ज किती घ्यावे हे ठरवताना मुलगा भारतात परतला असे धरूनच हिशेब करावा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर ओपीटी या विद्यार्थ्यांसाठीच्या काम-परवानगीखाली १२ आणि वाढीव २४ महिने काम करता येते, पण त्यापुढचा मार्ग आज अनिश्चित आहे; सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या काही नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून नियोक्तेही जपून पावले टाकत आहेत. १०.५ टक्के दराने दहा वर्षांसाठी ६५ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिना ८७ हजारांहून अधिक होतो, ४५ लाखांचा ६० हजारांहून अधिक, आणि ३५ लाखांचा ४७ हजारांच्या आसपास. यात शिक्षणाच्या काळात चढलेले व्याज धरलेले नाही. पुण्यातील अभियंत्याला अनुभव आणि नवी पदवी यांच्या बळावर तिसरा हप्ता भरता येईल, दुसरा ओढाताणीने, पहिला नाही. म्हणून कर्ज ३५ लाखांच्या आसपास राहील अशीच आखणी करावी. त्यासाठी मुलाने आणखी एक वर्ष नोकरी करून पैसे साठवणे आणि प्रवेश पुढे ढकलता येतो का हे विचारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथे गेल्यावर विद्यापीठात अध्यापन किंवा संशोधन सहायकाची पगारी जागा मिळेलच, असे धरून चालू नये. सत्रादरम्यान विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि त्या कमाईतून फार तर किराणा निघतो.

तारणाविषयी म्हणाल, तर तारणाविना मिळणाऱ्या कर्जाचा दर सहसा अधिक असतो, आणि तारण नाही म्हणून तुमची जबाबदारी नाही असे समजू नये : सहकर्जदार म्हणून तुमची सही असते आणि हप्ते थकले की वसुली तुमच्याकडेही येते. सरकारी बँकेचा दर कमी असला तरी एकमेव राहते घर निवृत्तीनंतर गहाण टाकू नये, असे माझे मत आहे. मुदत ठेव, विमा पॉलिसी किंवा दुसरी मालमत्ता असेल तर ती बँकेला चालते का ते पाहावे. व्याजावरील प्राप्तिकराची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, त्यामुळे नव्या प्रणालीत असलेल्यांनी ती हिशेबात धरू नये. आणि बँकेशी बोलताना शिक्षण सुरू असताना साधे व्याज भरण्याची सोय मागून घ्यावी. ३५ लाख पूर्ण उचलल्यावर ते महिना सुमारे ३० हजार रुपये होते. तुमच्या निवृत्तिवेतनातून त्यातले निम्मे भरता आले तरी मूळ रकमेत चढणारे व्याज तेवढ्याने कमी होईल, आणि हे किती झेपेल याचा आकडा कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलासोबत बसून ठरवावा.